दुसऱ्यांच्या नावाने धावलेली इंजिने

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे एका सुताराच्या घरी झाला. दहा वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले. रॉयटलिंगेन येथे गुस्टाव्ह वेर्नर या धर्मोपदेशकाने चालवलेल्या अनाथाश्रमाने त्यांना आसरा दिला. आश्रमाचा स्वतःचा यंत्रकारखाना होता. तेथे ते यंत्रांचे आराखडे काढण्यास शिकले आणि तेथेच व्यवस्थापक म्हणून आलेल्या गोटलीब डाइमलर यांची दृष्टी या मुलावर पडली. डाइमलर त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे. पुढे डाइमलर जेथे गेले, तेथे मायबाखही गेले.

१८७० च्या दशकात दोघे कोलोनजवळच्या डॉइट्झ कारखान्यात होते. १८७६ मध्ये निकोलाउस ओटो यांचे चार आघातांचे इंजिन तेथे सिद्ध झाले. शोध ओटोंचा, पण त्याला विक्रीयोग्य रूप दिले ते मुख्य आरेखक मायबाख यांनी. हे इंजिन अवजड, संथ आणि गॅसवर चालणारे होते. वाहनाला ते निरुपयोगी. हलके आणि वेगवान इंजिन हवे, या ध्यासाने दोघे १८८२ मध्ये कानश्टाट येथे आले आणि डाइमलर यांच्या बागेतील काचगृहात काम सुरू झाले. १८८५ मध्ये तेथील छोटे इंजिन एका लाकडी दुचाकीवर बसले.

१८९० मध्ये मायबाख यांनी होड्यांसाठी चार सिलिंडरांचे इंजिन बनवले. एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत जोराचा धक्का एकदाच मिळतो. उरलेला वेळ जड चक्राच्या गतीवर भागवावा लागतो. चार सिलिंडर एका रांगेत ठेवून त्यांतील स्फोट पाळीपाळीने घडवले, की दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो. आजच्या मोटारीचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन याच हिशेबावर फिरते.

१८९३ चा त्यांचा कार्ब्युरेटर याहूनही दूरगामी ठरला. त्यापूर्वी पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन मिश्रण करीत. हवामान बदलले की मिश्रण बिघडे. मायबाख यांनी तरंगत्या गोळ्याने पेट्रोलची पातळी कायम राखली आणि इंजिनच्या शोषणानेच बारीक नळीतून पेट्रोलचा फवारा उडवला. आज फवारा मारण्याचे काम संगणकाच्या हुकमतीखालील इंजेक्टर करतो. त्या काळात मात्र मायबाख कंपनीबाहेर होते! कराराच्या अटी न पटल्याने १८९१ मध्येच त्यांनी डाइमलर कंपनी सोडली होती. कानश्टाटच्या एका हॉटेलच्या दालनात, डाइमलर यांच्या पैशावर, त्यांचे प्रयोग चालत. १८९५ मध्ये दोघेही कंपनीत परतले.

मार्च १९०० मध्ये डाइमलर वारले. त्याच महिन्यात नीसजवळच्या चढाच्या शर्यतीत कंपनीच्या गाडीचा चालक मृत्युमुखी पडला. गाडी उंच, आखूड आणि वर जड होती. नीसमधील व्यापारी एमिल येलिनेक यांनी लांब, बुटकी आणि अधिक ताकदीची गाडी मागितली आणि तिला आपल्या मुलीचे नाव देण्याची अट घातली. ते नाव मर्सिडीज.

मायबाख यांनी गाडी मुळापासून नव्याने आखली. चार सिलिंडर, ५.९ लिटर, ३५ अश्वशक्ती. क्रँकशाफ्टचे आवरण ॲल्युमिनियमचे. पूर्वी हवा घेणारी झडप शोषणाने आपोआप उघडे आणि वेग वाढला की चुके. आता तीही कॅमशाफ्टने ठरल्या क्षणी उघडू लागली. समोर आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसला. पाणी निम्मेच लागू लागले. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीपुढे कोणी टिकले नाही.

फ्रेंचांनी त्यांना आरेखकांचा राजा म्हटले. घरच्या कंपनीत मात्र, डाइमलर यांच्या पश्चात, त्यांचे वजन कमी करण्यात आले. १९०७ मध्ये त्यांनी कंपनी कायमची सोडली. १९०९ मध्ये काउंट झेपेलिन यांच्यासह त्यांनी हवाई जहाजांच्या इंजिनांसाठी नवी कंपनी उभारली. तिची तांत्रिक धुरा मुलगा कार्ल याच्याकडे होती. ओटो, डाइमलर, मर्सिडीज या नावांनी त्यांची इंजिने फिरली. मायबाख हे नाव मोटारीवर आले ते १९२१ मध्ये, कार्लच्या हातून. २९ डिसेंबर १९२९ रोजी विल्हेल्म मायबाख यांचे निधन झाले. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहेत, तेथेच त्यांनाही पुरले आहे.