शिकवायला आलेला इंग्रज शेतकऱ्यांकडून शिकला आणि जगाला कंपोस्टची ‘इंदोर पद्धत’ मिळाली

घरी शेती असेल तर कंपोस्ट खताची ‘इंदोर पद्धत’ तुम्ही ऐकली असेलच. पण ती जगापुढे आणणारा माणूस इंग्रज होता, हे माहितीये का?

त्यांचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. जन्म १८७३ चा, इंग्लंडमधल्या शेतकरी कुटुंबातला. केंब्रिजमध्ये शिकले, मग वेस्ट इंडिजमध्ये पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास केला. १९०५ मध्ये ते सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसा इथे आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतीशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाण काढले.

हॉवर्ड आले होते इथली शेती सुधारायला. पण आसपासच्या शिवारात त्यांना दिसलं की, औषध न फवारताही शेतकऱ्यांची पिकं निरोगी आहेत. मग त्यांनी या शेतकऱ्यांनाच गुरू मानलं. पिकावर रोग आला तर आधी माती बघायची, असा विचार त्यांनी पक्का केला.

१९२४ मध्ये होळकरांच्या इंदूरमध्ये नवी संशोधन संस्था सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे प्रमुख झाले. इथली जमीन काळी, मुख्य पीक कापूस. उष्ण हवेत मातीतला सेंद्रिय अंश लवकर संपतो. तो परत घातला नाही, तर मातीतले जिवाणू आणि बुरशी उपाशी राहतात. त्यात बरंचसं शेण गोवऱ्या होऊन चुलीत जायचं.

हॉवर्ड यांनी शेतातला कचराच कामाला लावला. कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर टाकून गाड्यांखाली चिरडून घेतल्या. मग काडीकचरा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचले, पाणी शिंपडलं. जिवाणूंना हवा मिळावी म्हणून ढीग तीनदा उलटला. साधारण तीन महिन्यांत खत तयार!

१९३० मध्ये गॅब्रिएल गेल्या. पुढच्याच वर्षी या पद्धतीवरचं पुस्तक आलं. त्याचे सहलेखक होते इंदूरच्या संस्थेतले त्यांचे सहकारी यशवंत वाड. त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले आणि १९४७ मध्ये वारले. आज जगभरात सेंद्रिय शेतीच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांचं नाव घेतात.

आपल्याकडे मात्र वेचणी संपली की पऱ्हाट्या अजूनही अनेक ठिकाणी बांधावर पेटवल्या जातात. त्यात जळतं ते मातीचं जेवण, हे हॉवर्ड यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.