गुलाम यझदानी : अजिंठ्याची चित्रं वाचली, पण लाखेचा थर राहिला

हैदराबाद : अजिंठ्याच्या लेण्यांत रंगाचे पापुद्रे सुटून खाली पडत होते, तेव्हा ती लेणी ज्यांच्या ताब्यात आली ते गुलाम यझदानी रसायनाचे जाणकार नव्हते. ते अरबी-फारसीचे पंडित. शिलालेख वाचणं हा त्यांचा खरा हातखंडा. १८८५ मध्ये दिल्लीत जन्म, तिथंच शिक्षण, मग प्राध्यापकी. १९१४ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानानं पुरातत्त्व खातं उघडलं आणि एकोणतिशीच्या या माणसाला त्याचा प्रमुख नेमलं.

खातं नवं, पण पसारा केवढा! आजचा मराठवाडा, बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि सगळा तेलंगणा. खातं सुरू झालं आणि दुसऱ्याच वर्षी, १९१५ मध्ये, रायचूरकडच्या मस्कीला अशोकाचा लेख सापडला. या लेखात राजाचं नाव चक्क अशोक असंच कोरलेलं होतं. वेरूळ, बिदरचा किल्ला, वरंगळची देवळं, सगळं याच खात्याकडे. पण यझदानींचं नाव कायमचं जोडलं गेलं ते अजिंठ्याशी.

१८१९ मध्ये इंग्रजी अधिकारी जॉन स्मिथच्या नजरेला ही लेणी पडली आणि तिथून चित्रांच्या हालअपेष्टांना सुरुवात झाली, असं म्हटलं तरी चालेल. त्याआधी वटवाघळं, धूर आणि झिरपणारं पाणी एवढाच त्रास होता. नंतर माणसं आली. रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं बसून काढलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. नक्कल करताना मूळ चित्र उठून दिसावं म्हणून त्या काळी भिंतीवर रोगण फासलं गेलं. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ च्या आगीत जळाल्या. भिंतीवरचं रोगण मात्र राहिलं.

म्हणजे यझदानींच्या हाती आलेली चित्रं कोरी नव्हती. मातीचा गिलावा दगडापासून सुटलेला, वर रंगाचे पोपडे, त्यावर काजळी आणि जुनं रोगण. हे काम आपल्याकडे कुणाला जमेल असं दिसेना, तेव्हा संस्थानानं इटलीहून भित्तिचित्रांच्या दुरुस्तीचे कारागीर बोलावले. लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे साहाय्यक ओर्सिनी १९२० च्या हिवाळ्यात आले, पुढच्या हिवाळ्यातही राबले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला धरवला, चित्रं पुसली आणि रंग सुटू नये म्हणून वरून लाखेचा थर दिला.

ही लाख म्हणजे आपले सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला लावतात तीच, चपडा लाख. किड्यापासून मिळणारी, सेंद्रिय. लावली की रंग ओले असल्यासारखे खुलतात. पाहणारे खूष झाले असतील यात नवल नाही. पण लाख जुनी होताना तिचे रेणू एकमेकांत गुंततात, ती पिवळी-तपकिरी पडते आणि जे स्पिरिट तिला सहज विरघळवायचं त्याला मग दाद देत नाही. वर धूळ बसते ती वेगळीच. पांढरा रंग पिवळट होतो, निळा हिरवट दिसू लागतो. अजिंठ्यातला निळा तर परदेशातून आणलेल्या लाजवर्द दगडाचा!

आज या दुरुस्तीला नावं ठेवणं सोपं आहे. मात्र तेव्हा गिलावा धरवला नसता तर आज स्वच्छ करायला भिंतीवर काही उरलंच नसतं, हेही तितकंच खरं. जमाखर्च मांडायचा तर दोन्ही रकाने भरावे लागतात.

यझदानींनी चित्रं छापूनही जपली. रंगीत छायाचित्रांवरून केलेल्या त्यांच्या 'अजंता' ग्रंथाचा पहिला भाग १९३० ला निघाला, दुसरा १९३३, तिसरा १९४६ आणि चौथा पार १९५५ ला. निवृत्ती १९४३ ची, म्हणजे निम्मं काम पेन्शनीत. ग्रंथाच्या नावात या चित्रांना फ्रेस्को म्हटलंय. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर काढलेलं चित्र; त्यात चुनाच रंगाला धरून ठेवतो.

आणि गंमत इथंच आहे. मद्रासच्या सरकारी संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकात अजिंठ्याच्या गिलाव्याचा आणि रंगांचा अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला, की हे फ्रेस्को नाही. कोरड्या पृष्ठावर सरसात कालवलेले रंग लावलेत. तो अहवाल छापला कुणी? यझदानींच्याच खात्यानं, १९३६-३७ च्या वार्षिक अहवालात. ग्रंथाचं नाव पुढच्या भागांत बदललं नाही, पण विरुद्ध जाणारी तपासणीही दाबली नाही.

या निष्कर्षाला व्यवहारात मोल आहे. सरस कातड्या-हाडांपासून होतो आणि पाण्यानं सुटतो. रंग सरसात असेल तर तिथं ओलं फडकं चालत नाही. आता टाचणीच्या टोकाएवढ्या कणावरून सरसातली अमिनो आम्लं ओळखता येतात. लाखेत अल्युरिटिक आम्ल असतं, त्यावरून वरचा थर लाखेचा की तेलाच्या रोगणाचा, हेही कळतं. मग त्याप्रमाणे द्रावक निवडायचा.

१९५६ मध्ये हैदराबाद संस्थानाचा मुलूख तीन राज्यांत वाटला गेला. यझदानींचं खातं जिथं फिरलं त्यातला मराठवाडा मुंबई राज्यात, बिदर-रायचूर म्हैसूरकडे, तेलंगणा आंध्रात. अजिंठ्याची देखरेख तोवर केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे गेली होती. १९५९ मध्ये यझदानींना पद्मभूषण मिळालं आणि १९६२ च्या नोव्हेंबरात ते वारले. केंद्राच्या विज्ञान शाखेची माणसं पुढं कित्येक वर्षं लेण्यांत कापसाचे बोळे आणि द्रावक घेऊन तो पिवळा थर इंच-इंच उतरवत राहिली.