शब्दांचा खेळिया : डग्लस ॲडम्स

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या वाटेला जाऊ नये, ते काम विज्ञान शाखेच्या मंडळींचे, अशी एक समजूत आपल्याकडे अजूनही आढळते. ही समजूत ज्याच्या आयुष्याकडे पाहिले की आपोआप गळून पडते, अशा एका लेखकाची ओळख वाचकमित्रांना करून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. हा लेखक इंग्रजी साहित्याचा पदवीधर. त्याने नभोनाट्ये लिहिली, विनोदी कादंबऱ्या लिहिल्या आणि १९८४ साली नुसत्या शब्दांचा एक असा खेळ रचला, की चाळीस वर्षे उलटून गेली तरी माणसे तो खेळतात आणि त्यात अडकतात. त्याचे नाव डग्लस ॲडम्स.

डग्लसचा जन्म ११ मार्च १९५२ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथे झाला. तो पाच वर्षांचा असतानाच आईवडील विभक्त झाले. आई परिचारिका होती. ती डग्लस आणि त्याच्या धाकट्या बहिणीला घेऊन एसेक्समधील ब्रेंटवुड या गावी आपल्या माहेरी आली. आजीच्या घरी जखमी आणि बेवारस जनावरांचा सांभाळ होत असे. प्राण्यांविषयीची जी माया पुढे त्याच्या लेखनात दिसते, तिचे मूळ कदाचित या घरातच असावे. मुलगा अंगाने भलताच उंच. बाराव्या वर्षीच सहा फूट, आणि वाढ थांबली तेव्हा सहा फूट पाच इंच! वर्गात लपायला जागा नाही आणि मैदानावर चपळाई नाही, अशी त्याची स्थिती. पण फ्रँक हॅलफर्ड नावाच्या शिक्षकांनी त्याच्या एका गोष्टीला दहापैकी दहा गुण दिले. आपल्या साऱ्या नोकरीत या शिक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले ते एवढ्या एकाच वेळी. पुढे मोठेपणी लिहिणे अशक्य वाटू लागले, म्हणजे डग्लस त्या दहा गुणांची आठवण काढीत असे. शिक्षकाची एक शाबासकी विद्यार्थ्याला किती वर्षे पुरते, याचा हा दाखला आपल्या प्राध्यापकवर्गानेही ध्यानात घ्यावा, अशी नम्र विनंती.

१९७१ साली तो युरोपात भटकत होता. खिशात पैसे बेताचे. रस्त्याकडेला उभे राहून येणाऱ्या वाहनाला हात करायचा आणि कोणी बसवून घेतले तर पुढच्या गावाला जायचे, असा प्रवास. एसटी चुकल्यावर ट्रकला हात करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे एका शेतात तो रात्री आकाशाकडे बघत पडला होता. मद्याचा अंमल होता आणि सोबत होते अशा भटक्यांसाठी लिहिलेले युरोपचे मार्गदर्शक पुस्तक. वर तारे दिसत होते. असेच एक पुस्तक आकाशगंगेसाठीही कोणीतरी लिहायला हवे, असे त्याच्या मनात आले. ही हकीकत त्याने पुढे इतक्या वेळा सांगितली, की मूळ रात्र आठवते की आपले सांगणेच आठवते, हे त्याचे त्यालाच उमगेनासे झाले.

त्याच वर्षी तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला गेला. आपले जयंत नारळीकर त्या वेळी केंब्रिजमध्येच होते. ते १९७२ साली मुंबईला परतले. एकाच गावात एक खगोलशास्त्रज्ञ आणि एक विनोदी लेखक, आणि दोघांनीही पुढे अंतराळाच्या गोष्टी सांगितल्या, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

१९७४ साली पदवी मिळाली, परंतु पदवीने पोट भरत नाही, हा अनुभव तिकडेही चुकला नाही. इस्पितळात हमाली, कोंबड्यांच्या खुराड्यांची सफाई, एका श्रीमंत अरब कुटुंबाच्या दारावर रात्रभर पहारा, अशी कामे त्याने केली. लिहिलेले परत येत होते. आपण लेखक नाहीच, असे वाटून तो खचला आणि आईच्या घरी जाऊन राहिला. अखेर बीबीसीने त्याची अंतराळाची कल्पना स्वीकारली. ८ मार्च १९७८ रोजी रात्री उशिरा, फारसा गाजावाजा न होता, 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' या श्रुतिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. आर्थर डेंट नावाच्या एका साध्या माणसाचे घर रस्त्यासाठी पाडायला लोक येतात, आणि त्याच दिवशी अंतराळातल्या रस्त्यासाठी अख्खी पृथ्वीच पाडली जाते. नोटीस आधीच लावली होती, वाचली नाही हा तुमचा दोष, असे दोन्हीकडचे अधिकारी सांगतात. भूसंपादनाच्या कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही या विनोदाची धार चटकन कळेल. १९७९ साली याच नावाची कादंबरी निघाली आणि डग्लस ॲडम्स हे नाव घरोघरी पोहोचले.

आता त्या खेळाकडे वळू. अमेरिकेतील विल क्राउदर हा संगणकतज्ज्ञ गुहा धुंडाळण्याचा छंद असलेला माणूस. केंटकीमधील मॅमथ केव्ह या गुहेचे नकाशे करण्याच्या कामात तो होता. १९७५-७६च्या सुमारास, घटस्फोटानंतर, आपल्या लहान मुलींना रमवण्यासाठी त्याने संगणकावर त्या गुहेचा एक खेळ लिहिला. यात चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर मजकूर उमटतो, की तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात आणि उत्तरेला एक वाट आहे. तुम्ही दोन शब्द टाइप करायचे आणि पुढे सरकायचे. आपल्या खरोशाच्या लेण्यांत कोणी डोळे बांधून नेले आणि शेजारचा माणूस समोर काय आहे ते फक्त सांगत गेला, तर जसे वाटेल तसेच हे. १९७७ साली डॉन वुड्सने हा खेळ वाढवला. त्यावरून स्फूर्ती घेऊन एमआयटी या संस्थेतील तरुणांनी 'झॉर्क' रचला आणि १९७९ साली इन्फोकॉम ही कंपनी काढली. घरगुती संगणकाची स्मृती त्या काळी अगदी तुटपुंजी. शिवाय प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा. इन्फोकॉमने तोड अशी काढली, की गोष्टीची फाइल एकच ठेवायची आणि प्रत्येक जातीच्या संगणकासाठी ती वाचणारा छोटा प्रोग्रॅम तेवढा वेगळा लिहायचा. पोथी एक, वाचणारे निरनिराळे, असा हा प्रकार!

१९८३ साली डग्लस चित्रपटाच्या पटकथेसाठी लॉस एंजेलिसला राहत होता. काम रेंगाळले होते. तेथे त्याने इन्फोकॉमचे खेळ खेळून पाहिले आणि त्याला कळले, की हे यंत्र म्हणजे केवळ टंकलेखनाचे साधन नव्हे, वाचकाशी बोलणारी ती एक नवी वही आहे. त्याने आपल्या कादंबरीचा खेळ करायचे ठरवले. सोबतीला स्टीव्ह मेरेट्झ्की हा इन्फोकॉमचा तरुण लेखक मिळाला. डग्लसने प्रसंग आणि संवाद लिहायचे, मेरेट्झ्कीने ते संगणकाच्या भाषेत बसवायचे, अशी वाटणी ठरली.

पण डग्लसचा एक मोठा दोष होता. त्याच्या हातून वेळेवर काही होत नसे. लिहायला बसायचे म्हटले की त्याला धडकी भरे, आणि तो तासन् तास आंघोळच करीत राही. १९८४ साली खेळही अर्धवट आणि चौथी कादंबरीही अर्धवट. शेवटी मेरेट्झ्की इंग्लंडला आला आणि दोघांनी डेव्हन परगण्यातील एका हॉटेलात बसून खेळ पुरा केला. कादंबरीसाठी प्रकाशक सनी मेहता यांनी लंडनच्या एका हॉटेलात खोल्या घेतल्या आणि पाने हाती पडेपर्यंत त्याच्यासोबत मुक्काम ठोकला. भारतात जन्मलेल्या या प्रकाशकाची चिकाटी नसती, तर ते पुस्तक निघाले असते की नाही, याची शंकाच आहे.

१९८४ मध्ये खेळ बाजारात आला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. खेळ सुरू होतो तो काळोखात. आर्थर झोपेतून उठतो आहे, डोके ठणकते आहे, आणि घर पाडायला यंत्र आले आहे. इतर खेळ खेळणाऱ्याशी इमानाने वागतात. हा खेळ चक्क खोटे बोलतो! आपल्याजवळच्या वस्तूंची यादी मागितली तर चहा नसणे हीसुद्धा एक वस्तू म्हणून तो नोंदवतो, आणि पुढे एका प्रसंगी चहा असणे आणि नसणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जवळ बाळगाव्या लागतात. न्यायशास्त्राच्या तासाला हे कोणाला सांगावे?

सर्वांत गाजलेले कोडे माशाचे. हा मासा कानात घातला की कोणतीही भाषा समजते. यंत्राची कळ दाबली की मासा उडतो आणि भिंतीतल्या भोकातून नाहीसा होतो. भोकावर आर्थरचा झगा टांगावा, तर मासा जाळीतून खाली जातो. जाळीवर टॉवेल अंथरावा, तर झाडलोट करणारा यंत्रमानव तो उचलून नेतो. त्याची वाट पिशवीने अडवावी, तर दुसरा यंत्रमानव तो वरचेवर झेलतो. उत्तर असे, की त्या पिशवीवर रद्दी टपालाचा गठ्ठा ठेवायचा. हे टपाल मात्र खेळाच्या अगदी प्रारंभी आपल्या घराच्या उंबऱ्यावरून उचललेले असावे लागते. हे कोडे सुटणे एवढे अवघड, की ते सोडवणाऱ्यांसाठी इन्फोकॉमने खास बनियन विकायला काढले होते. सुरुवातीला वाटेतल्या कुत्र्याला सँडविच खाऊ घातले नाही, तर त्याची शिक्षाही अशीच पुष्कळ पुढे भोगावी लागते.

त्या काळी आपल्या नांदेड-लातूरकडे घरात संगणक ही कल्पनाच दूरची होती. १९८४ साली सरकारने निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्याची योजना सुरू केली, आणि पुण्यातल्या एका कंपनीने पुढे स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक जुळवून विकला. प्रस्तुत लेखकाने मात्र हा खेळ बीबीसीच्या संकेतस्थळावर, मोबाइलच्या पडद्यावर, शेजारी शब्दकोश ठेवून खेळला. मराठी माध्यमातून शिकलेल्याला इंग्रजीत आज्ञा द्यायच्या, आणि क्रियापद चुकले की यंत्र समजलेच नाही म्हणून मोकळे! भाषा समजावून देणाऱ्या माशासाठी परक्या भाषेत दोन रात्री झटताना आपल्या स्थितीचे हसूही आले. परंतु त्या दोन रात्रींत इंग्रजी वाक्य जितके नीट घासून पाहिले, तितके ते परीक्षेसाठीही कधी पाहिले नव्हते.

या यशानंतर दुसरा खेळ यायचा होता. तो कधी झालाच नाही. बँकेने पत्त्याचा बदल नोंदवला नाही म्हणून झालेल्या मनस्तापावरून 'ब्यूरॉक्रसी' हा खेळ डग्लसने सुरू केला, पण त्याचे मन त्यातून उडाले आणि इतरांनी तो १९८७ साली पुरा केला. १९८९ मध्ये इन्फोकॉम बंद पडली. चित्रे आली आणि शब्दांचे खेळ मागे पडले. डग्लस मात्र नामशेष होणाऱ्या प्राण्यांच्या शोधात जगभर हिंडला आणि त्यावर मार्क कारवर्डाइनसह १९९० साली 'लास्ट चान्स टू सी' हे पुस्तक लिहिले. त्यात चीनच्या यांगत्से नदीतील डॉल्फिनही आहे. पुढे २००६ सालच्या शोधमोहिमेत तो एकही आढळला नाही. १९९८ साली 'स्टारशिप टायटॅनिक' या खेळातून तो पुन्हा टाइप करून बोलण्याच्या आपल्या आवडीकडे वळला. त्यावरची कादंबरी लिहायला मात्र त्याला सवड झाली नाही. ती मित्र टेरी जोन्सने लिहिली.

११ मे २००१ रोजी कॅलिफोर्नियात व्यायाम करीत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय अवघे ४९. मागे पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी होती. त्याच्या संगणकांत अपुऱ्या कादंबरीची प्रकरणे सापडली. ती २००२ साली पुस्तकरूपाने निघाली, अर्थात अपुरीच.

हा लेख लिहिताना एक विचार मनातून जात नाही. उंबऱ्यावरचे टपाल आज उचलले नाही तर उद्या वाट अडते, हे ज्याने खेळात इतके नेमके मांडले, त्यानेच आयुष्यभर कामे उद्यावर टाकली. त्याला ते कळत नव्हते असे कसे म्हणावे? कदाचित फार चांगले कळत होते, म्हणूनच त्याने ते असे लिहिले. मित्रहो, संगणकाला भिणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा खेळ एकदा अवश्य खेळावा, आणि मराठीतही असा एखादा खेळ रचून पाहावा. त्याला लागणारी मुख्य सामग्री शब्दांचीच आहे, आणि ती आपल्याजवळ आहे. फक्त उद्यावर टाकू नये.