कामाच्या झिराडबाई

सीएसएमटीला उतरून कॉलेज गाठताना कामा हॉस्पिटलची दगडी इमारत तुम्ही शंभरदा पाहिली असेल. १८८६ पासून ती तिथे आहे. डॉ. जेरुशा झिराड हे नाव ऐकलंय? नसेल, तर मेडिकलच्या एखाद्या मित्राला विचारा.

घर बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. जन्म शिवमोग्याचा, शाळा पुण्याची हुजूरपागा. आजारी बहीण कामात बरी झाली आणि अकरा वर्षांच्या या मुलीने डॉक्टर व्हायचं ठरवून टाकलं. ग्रँट मेडिकलनंतर टाटांचं कर्ज घेऊन थेट लंडन. पुढे सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली. १९१९ मध्ये त्या लंडनच्या एम.डी. झाल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत कामाची सूत्रं त्यांच्याकडे होती.

एवढ्यावर थांबलं तर ही नुसती पहिली-पहिलीची यादी होईल. मला स्वतःला त्यांचं वेगळंच काम मोठं वाटतं. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबईत बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची चौकशी हाती घेतली. आता विचार करा, हे मोजायचं कसं? दाखल्यावर नुसतं ताप लिहिलं, तर तो मलेरियाचा की बाळंतपणातल्या जंतुसंसर्गाचा, कोण सांगणार? परळ-लालबागच्या चाळीत कुणी घरीच बाळंत व्हायची, कुणी गावी जायची. हॉस्पिटलच्या कागदावर तिचा पत्ताच नाही! आणि कारण कळल्याशिवाय उपाय तरी कशावर करायचा? म्हणून एकेका मृत्यूमागचं कारण शोधायला हवं होतं. कंटाळवाणं काम, बरं का. ऑपरेशन करणाऱ्याचं नाव होतं, रजिस्टर चाळणाऱ्याचं सहसा होत नाही. त्यांचा अहवाल १९४१ मध्ये सरकारने छापला.

आईचं जे, तेच बाळाचं. अमेरिकेतल्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये नवजात बाळासाठी दहा गुणांची मोजणी प्रसिद्ध केली: रंग, नाडी, प्रतिसाद, हालचाल, श्वास. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला ती बाळाच्या केसपेपरवर लिहितात. ती वेळेवर लिहिली, तर रात्रपाळीच्या डॉक्टरला कळतं की सकाळी या बाळाने श्वास घ्यायला उशीर केला होता. रकाना कोरा राहिला, तर त्याला अंदाजच बांधावा लागतो.

झिराडबाईंना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्या जन्माची फाइल घरी असेल तर आज काढून बघा. पाचव्या मिनिटाचा आकडा लिहिलाय का?