देहूच्या वाण्याचीं खतें

श्रीतुकोबारायांच्या घरीं महाजनकी, दुकान, सावकारी, सारें होतें. वडील बोल्होबा गेले नि भार कोवळ्या वयांत अंगावर पडला. पुढें 1630 चा तो भयंकर दुष्काळ! दिवाळें वाजलें. पहिली बायको रखुमाबाई अन्नावांचून गेली, मुलगा संतूही गेला. तुटीची लाज वाटली, हें त्यांनीं अभंगांत स्वतःच नोंदलें आहे.

पुन्हां भांडवल काढावें, पुन्हां बुडावें! मिरच्या घेऊन कोकणांत गेले, तर माप गिऱ्हाइकांच्याच हातीं दिलें, अशी कथा आहे. जिजाईनें आपल्या नांवावर 200 रुपये काढून दिले. त्यांचे 250 झाले, आणि वाटेंत एका कर्जबाजारी ब्राह्मणाला सोडविण्यांत सगळे गेले. जिजाई संतापली. तिला कोणी कजाग म्हणोत, आम्ही म्हणणार नाहीं. कर्ज तिच्या नांवावर होतें ना!

डहाणू-तलासरीकडे हें फोडून सांगावें लागत नाहीं. लग्नापुरते पैसे सावकाराकडून घ्यायचे नि नवराबायकोनें वर्षानुवर्षें त्याच्याकडे राबायचें. अशांना तिथें लग्नगडी म्हणत. 1945 च्या वारल्यांच्या लढ्यानें ती चाल मोडली.

तुकोबांपाशींही कुळांचीं खतें होतींच. निम्मीं धाकट्या कान्होबाला दिलीं. त्याचा वाटा बुडविला नाहीं. आपलीं निम्मीं इंद्रायणींत टाकलीं. तेवढीं कुळें मोकळीं झालीं.