नावांचे अर्थ शोधणारे संत जेरोम

बाळाच्या स्नानसंस्काराची तारीख ठरली की घरोघरी नावाची चर्चा सुरू होते. मायकल, जॉन, आना, एलिझाबेथ ही नावे आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवीत आलो आहोत. ही सारी नावे मूळची हिब्रू आहेत. मायकल म्हणजे देवासारखा कोण आहे? जॉन म्हणजे परमेश्वराने कृपा केली. आना म्हणजे कृपा. अशा नावांच्या अर्थांचे पुस्तक लॅटिन वाचकांच्या हाती दिले ते संत जेरोम ह्यांनी. त्यांचा सण आपण ३० सप्टेंबरला साजरा करतो.

त्यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास स्त्रिदोन ह्या गावी झाला. शिक्षण आणि स्नानसंस्कार रोममध्ये झाला. त्यांचे स्वतःचे नाव मात्र ग्रीक, हिएरोनिमुस, म्हणजे पवित्र नाव! स्वभाव तापट आणि लेखणी त्याहून तिखट. संत म्हटले की आपण शांत चेहरा डोळ्यांसमोर आणतो. जेरोम तसे नव्हते.

तरुणपणी ते सिरियातील खाल्किसच्या वाळवंटात तप करायला गेले. उपवास करूनही मनातले विकार हटेनात, तेव्हा मन गुंतवण्यासाठी त्यांनी ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्याकडे हिब्रू शिकायला सुरुवात केली. उत्तम लॅटिन लिहिणारा हा पंडित बालवर्गातल्या मुलासारखा मुळाक्षरे गिरवू लागला. कितीदा कंटाळून सोडले, कितीदा पुन्हा धरले.

३८२ साली ते रोमला आले आणि पोप दमासस ह्यांचे चिटणीस झाले. मार्सेला ही विदुषी त्यांना हिब्रू शब्दांविषयी प्रश्न विचारी. देवाच्या दहा हिब्रू नावांविषयी त्यांनी तिला पत्रच लिहिले. ३८४ मध्ये पोप वारले. जेरोमनी तोवर शत्रू पुष्कळ करून ठेवले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी रोम सोडले आणि ३८६ साली ते बेथलेहेमला स्थायिक झाले. संत पावला ह्यांनी आपल्या संपत्तीतून तेथे मठ बांधले.

बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. त्याच वाटेवर राहेल प्रसूत होऊन मरण पावली. मरताना तिने बाळाला बेनोनी, दुःखाचा पुत्र, म्हटले. याकोबाने ते बदलून बेंजामिन, उजव्या हाताचा पुत्र, केले.

येथे जेरोमनी बारानिना नावाच्या यहुदी शिक्षकाकडे पुन्हा अभ्यास सुरू केला. स्वकीयांच्या भीतीने तो रात्री येई. यहुद्याकडून शिकतो म्हणून जेरोमवर टीका झाली. त्यांचा जुना मित्र रुफिनुस तर त्या शिक्षकाला मुद्दाम बरब्बा म्हणू लागला. नावाची अशी थट्टा जिव्हारी लागते. तरी शिक्षण थांबले नाही.

३९० च्या सुमारास त्यांनी नावांचे पुस्तक सिद्ध केले. आधीच्या ग्रीक याद्या त्यांनी हिब्रूशी ताडून पाहिल्या. काम कठीण होते. हिब्रू लिखाणात तेव्हा स्वरांच्या खुणा नव्हत्या. आपल्या लिपीतून काना, मात्रा, वेलांटी काढून टाकली तर एका शब्दाचे किती शब्द होतील! ग्रीक नावांना हिब्रू अर्थ लावणे ओढाताणीचे आहे, हेही त्यांनी स्वतःच नोंदवले. त्यांचे बरेच अर्थ आज टिकलेले नाहीत.

मरिया ह्या नावाचा एक अर्थ त्यांनी समुद्राचा थेंब असा दिला असावा, असे जाणकार म्हणतात. हिब्रूत मार म्हणजे थेंब आणि याम म्हणजे समुद्र. लॅटिनमध्ये थेंबाला स्तिल्ला म्हणतात आणि ताऱ्याला स्तेल्ला. नकला करताना एक अक्षर बदलले आणि थेंबाचा तारा झाला. पवित्र मरियेला आपण समुद्रतारा म्हणतो ते ह्यामुळे. आजचे भाषापंडित दोन्ही अर्थ मान्य करीत नाहीत, पण भक्तांनी ते नाव सोडलेले नाही.

पुढे सुमारे १५ वर्षे खपून त्यांनी जुना करार थेट हिब्रूतून लॅटिनमध्ये आणला. पावला ४०४ साली वारल्या. जेरोम ४२० मध्ये बेथलेहेमलाच देवाघरी गेले आणि प्रभूच्या जन्मस्थानाजवळ त्यांना पुरण्यात आले.