वाल्डेमार हाफकिन

आमच्या रहाटणीच्या घरांतून तान्ह्या बाळास लस टोचून आणिली कीं पुष्कळदां रात्रीं त्याचें अंग तापतें आणि माता घाबरून जाते. ह्या तापाचा अनुभव ज्यांनीं प्रथम स्वतःच्या देहावर घेतला, त्या थोर पुरुषाची ओळख आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देत आहों.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं काळ्या समुद्राकांठच्या ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली व १८९२ सालीं ती स्वतःस टोचून घेतली. पुढल्याच वर्षीं ते हिंदुस्थानांत आले. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला व लवकरच त्यानें पुण्यासही ग्रासिलें. रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाई फुले १८९७ सालीं त्याच रोगाला बळी पडल्या.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत हाफकिन यांनीं तुपाचे थेंब घातलेल्या मांसरसांत प्लेगचे जंतु वाढविले, उष्णतेनें मारिले, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं तें द्रव्य आपल्या अंगांत टोचविलें. त्यांस ताप चढला, टोचलेली जागा दुखूं लागली. परंतु प्लेग झाला नाहीं. परका जंतु ओळखून शरीर आपलें सैन्य उभें करितें. त्या हालचालीचाच तो ताप होय.

१९०२ सालीं मात्र घोर प्रसंग ओढवला. त्या वेळच्या पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ माणसांस लस टोचली, त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मृत्यु पावले. हाफकिन यांवर ठपका आला व त्यांस काम सोडावें लागलें. परंतु त्या सर्व १९ जणांस एकाच बाटलींतील लस दिलेली होती. इतर बाटल्यांची लस घेतलेल्यांपैकीं कोणासही धनुर्वात झाला नाहीं. म्हणजे दोष लशीचा नव्हता. त्या एका बाटलींत बाहेरचे जंतु शिरले होते. रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनीं त्यांची बाजू उचलून धरिली आणि १९०७ सालीं ते निर्दोष ठरले. ते पुनः ह्याच देशाच्या सेवेस आले. १९३० सालीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ते निवर्तले. परळच्या संस्थेस १९२५ पासून त्यांचेंच नांव आहे.

लस घेतल्यावर जें जें घडतें तें तें लशीमुळेंच घडतें असें नाहीं. तेव्हां मातांनीं साध्या तापास भिऊं नये. तो न उतरल्यास अथवा निराळें कांहीं दिसल्यास डॉक्टरांस विचारावें. आणि मुलांनो, कारण शोधण्यापूर्वीं कोणासही दोष लावूं नये, हें ह्या चरित्रावरून ध्यानांत ठेवा.